टीव्हीचं नेट आधी तोडा, डबा मग निवडा

ठाण्यातल्या कासारवडवलीच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. घरी ४३ इंची स्मार्ट टीव्ही आहे, २०१९ मध्ये घेतलेला. चित्र अजून छान दिसतं, पण एकेक ॲप उघडायला मिनिटभर लागतं. सासूबाई सेट-टॉप बॉक्सवर मालिका बघतात, नऊ वर्षांच्या मुलीचं यूट्यूब चालतं आणि रात्री नवरा-बायको वेब सिरीज बघतात. पंधरा हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. टीव्हीला जोडायला असा कोणता डबा किंवा स्टिक घ्यावी, जी आमच्या घरातली कमीत कमी माहिती बाहेर धाडेल?

मी नौपाड्यातला. लोकांच्या घरी राउटर, वायफाय, टीव्ही, साउंडबार जोडून देण्याचं काम करत सतरा-अठरा वर्षं झाली. घोडबंदर रोडला टॉवर उभे राहत गेले तसं माझं कामही नौपाड्यातून तिकडे सरकलं. त्यामुळे तुमच्या हॉलचा नकाशा मला न येताच दिसतोय: दाराजवळ नेटवाल्याचा राउटर, समोरच्या भिंतीवर टीव्ही, खाली युनिटवर सेट-टॉप बॉक्स आणि मागे वायरींचा गुंता.

ताई, सुरुवात तुम्ही न विचारलेल्या गोष्टीपासून करतो. उद्या कितीही चांगला डबा आणलात आणि टीव्ही वायफायवर तसाच राहिला, तर पैसे अर्धे पाण्यात.

टीव्ही घरी आला तो दिवस आठवा. कंपनीचा डेमोवाला आला असेल. त्याला त्या दिवशी आणखी सहा घरं करायची असतात. भिंतीला ब्रॅकेट ठोकलं, टीव्ही लटकवला, तुमच्याकडून वायफायचा पासवर्ड घेतला आणि पडद्यावर एकामागून एक आलेल्या पानांवर रिमोटचं मधलं बटण दाबत सुटला. त्या पानांवर वापराच्या अटी होत्या, जाहिरातींची संमती होती, 'तुम्ही काय बघता ते ओळखून सूचना देऊ का' असाही एक प्रश्न असू शकतो. सगळ्याला हो. तुम्ही त्या वेळी स्वयंपाकघरात त्याच्यासाठी चहा टाकत होता. मी स्वतः दुकानातर्फे डेमोला जायचो तेव्हा हेच करायचो, म्हणून खात्रीने सांगतो.

त्या संमतीमागे जे तंत्र असतं त्याला एसीआर म्हणतात, म्हणजे पडद्यावर काय चाललंय ते आपोआप ओळखणं. टीव्ही ठरावीक वेळाने पडद्यावरच्या चित्राचा किंवा आवाजाचा नमुना घेतो, त्याचा एक छोटा ठसा बनवतो आणि तो कंपनीच्या सर्व्हरला पाठवतो. तिथे लाखो कार्यक्रमांच्या ठशांचा साठा असतो. जुळणी झाली की अमुक घरात अमुक वाजता अमुक मालिका चालू होती, मध्ये कुठली जाहिरात लागली, एवढं कळतं. चित्र कुठून आलं याच्याशी टीव्हीला देणंघेणं नसतं. सेट-टॉप बॉक्सवरून येवो की लॅपटॉपवरून, शेवटी ते टीव्हीच्याच पडद्यावर उमटतं.

हे ऐकीव नाही. २०२४ मध्ये लंडनच्या यूसीएल, अमेरिकेतल्या यूसी डेव्हिस आणि माद्रिदच्या कार्लोस तिसरा या विद्यापीठांतल्या संशोधकांनी सॅमसंग आणि एलजीचे टीव्ही ब्रिटन आणि अमेरिकेत लावून त्यांतून बाहेर जाणारी रहदारी तपासली. टीव्ही नुसता पडदा म्हणून वापरला, एचडीएमआयने (चित्र-आवाज आणणाऱ्या वायरीने) दुसरं काही जोडलं, तरीही एसीआरची रहदारी चालू दिसली. टीव्हीतल्याच नेटफ्लिक्स आणि यूट्यूबच्या ॲपवर मात्र ती तशी दिसली नाही. आणि कामाची गोष्ट म्हणजे सेटिंगमधून संमती काढून घेतल्यावर ती थांबली. म्हणजे बटण खोटं नाही, फक्त ते तळघरात लपवलंय.

यात पैसा किती आहे? अमेरिकेत व्हायझिओ नावाची टीव्ही कंपनी आहे, आपल्याकडे ती नाही. २०१७ मध्ये तिथल्या ग्राहक-संरक्षण यंत्रणेने, एफटीसीने, तिच्यावर ठपका ठेवला की १ कोटी १० लाख टीव्हींवर लोक काय बघतात याची सेकंदा-सेकंदाची नोंद न विचारता घेतली. २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटलं. धंदा थांबला का? २०२१ च्या एका तिमाहीत याच कंपनीचा जाहिराती आणि डेटाच्या बाजूचा ढोबळ नफा टीव्ही विकून झालेल्या नफ्याच्या दुप्पट निघाला. डिसेंबर २०२५ मध्ये टेक्सास राज्याच्या महाधिवक्त्यांनी सॅमसंग, एलजी, सोनी, हायसेन्स आणि टीसीएल या पाचही कंपन्यांवर याच एसीआरवरून खटले भरले. शेजारच्या दुकानात टीव्ही इतका स्वस्त कसा मिळतो, हा प्रश्न मला अधूनमधून विचारला जातो. उत्तराचा एक भाग इथे आहे.

(लहानपणी गोखले रोडला कॅसेट लायब्ररीवाला होता. कुणी कोणती कॅसेट नेली ते सगळं त्याच्या लाल वहीत. अमेरिकेत अशाच एका दुकानाची यादी १९८७ मध्ये फुटली, रॉबर्ट बोर्क हे न्यायाधीश सर्वोच्च न्यायालयासाठी उमेदवार असताना. त्यावरून पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला. आमच्या लायब्ररीवाल्याची वही बहुधा रद्दीत गेली. टीव्हीची वही रद्दीत जात नाही.)

तर पहिलं काम. तुमच्या टीव्हीला फॅक्टरी रीसेट मारा, म्हणजे सेटिंगमधून तो नवा होता तसा कोरा करा. पुन्हा सुरू होताना वायफाय विचारेल, तिथे 'वगळा' किंवा 'नंतर' निवडा. अटींच्या पानांवर जे सक्तीचं आहे तेवढंच मान्य करा, बाकीच्या खुणा काढा. संपलं. टीव्ही आता नुसता पडदा झाला आणि तो कुणाशी बोलू शकत नाही. सॉफ्टवेअर जुनं राहील, राहू द्या. नेटवरच नसलेल्या टीव्हीचं सॉफ्टवेअर जुनं असून काही बिघडत नाही.

काही घरी हे जमत नाही, कारण आजोबांना टीव्हीच्याच रिमोटवर यूट्यूब हवं असतं. मग एसीआर शोधून बंद करावं लागतं. नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं: सॅमसंगमध्ये 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस', एलजीमध्ये 'लाइव्ह प्लस', सोनीच्या अनेक टीव्हींत 'सांबा इंटरॅक्टिव्ह टीव्ही'. मेनू वर्षागणिक हलतो, म्हणून अटी, गोपनीयता, जाहिरात असं काही जिथे लिहिलेलं दिसेल ती प्रत्येक खोली उघडून बघायची. मोठ्या अपडेटनंतर पुन्हा एकदा.

तुमच्या सासूबाईंच्या मालिका यात का आल्या तेही सांगतो. त्यांचा सेट-टॉप बॉक्स छत्रीवर चालणारा असेल आणि नेटला जोडलेला नसेल, तर तो बिचारा निरुपद्रवी. उपग्रहावरून कार्यक्रम खाली येतात, घरातून वर काही जात नाही. म्हणजे घरातली सगळ्यांत खासगी वस्तू तीच. पण ती वायफायवरच्या टीव्हीला एचडीएमआयने जोडली की तिच्यातून येणारी प्रत्येक मालिका टीव्ही बघू शकतो. आता टीव्हीचं नेट तुटलं की सासूबाई पूर्ण मोकळ्या. नवा डबा न घेता, एक रुपया न खर्चता.

आता डब्याकडे येऊ.

सगळ्यांत आधी काय घ्यायचं नाही ते, कारण यात गोपनीयतेपलीकडचा धोका आहे. बाजारात आणि ऑनलाइन दोन-अडीच हजारांत बिननावाचे अँड्रॉइड बॉक्स मिळतात. वर मोठ्या अक्षरांत '८के' छापलेलं असतं, आत तो धड ४के पण दाखवत नाही. विकणारा सांगतो, सगळे चॅनल फुकट, आयुष्यभर.

वर्तकनगरच्या एका निवृत्त काकांकडे असा डबा होता. त्यांची तक्रार डब्याची नव्हतीच. ती अशी की बँकेची वेबसाइट उघडली की 'तुम्ही माणूस आहात का' म्हणून विचारते, ट्रॅफिक सिग्नलची चित्रं निवडायला लावते, कधी सरळ आत घेत नाही. लॅपटॉप दोनदा फॉरमॅट करून झाला होता. मी घरातली उपकरणं मोजायला लागलो आणि नजर त्या पांढऱ्या डब्यावर गेली. डबा घरी आणला, वेगळ्या राउटरला जोडला, पडदा जोडलाच नाही. फक्त वीज आणि वायफाय. रात्री साडेदहाला लावला. सकाळी राउटरची नोंद, म्हणजे लॉग, उघडला तर त्याने रात्रीत साडेअकराशे वेळा वेगवेगळ्या सर्व्हरांची नावं विचारली होती, त्यांतली बहुतेक कधी न ऐकलेली. कुणी काही बघत नसताना.

काकांच्या घरी काय होत होतं याचा माझा अंदाज सांगतो. अशा डब्यांत कारखान्यातून निघतानाच घुसवलेलं सॉफ्टवेअर असतं आणि ते तुमचं नेट तिऱ्हाइताला भाड्याने देतं. कुठल्या तरी देशातला माणूस बनावट खाती उघडतो किंवा जाहिरातींवर खोटे क्लिक मारतो, आणि पत्ता मात्र दिसतो वर्तकनगरच्या काकांचा. मग बँकेच्या यंत्रणेला संशय येतो. डबा काढला आणि राउटरला नवा आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, मिळाला, त्यानंतर काही दिवसांत चित्रं निवडणं बंद झालं.

हे जगभर चालू आहे. डॉक्टर वेब या सुरक्षा कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये १९७ देशांतले सुमारे १३ लाख अँड्रॉइड बॉक्स एकाच प्रकारच्या मालवेअरने, म्हणजे घातक सॉफ्टवेअरने, ग्रासलेले असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी डिसेंबरात जर्मनीच्या बीएसआय या सरकारी सायबर यंत्रणेने बॅडबॉक्स नावाच्या मालवेअरने बाधित सुमारे ३० हजार उपकरणांचा ती दुरून चालवणाऱ्या गुन्हेगारांच्या सर्व्हरांशी असलेला संपर्क तोडला. जून २०२५ मध्ये एफबीआयने बॅडबॉक्स २ बद्दल लोकांना सावध केलं, आणि जुलैत गूगलने ते चालवणाऱ्यांवर न्यूयॉर्कमध्ये खटला भरला. तेव्हा बाधित उपकरणांचा आकडा १ कोटीच्या वर होता.

असा डबा ओळखायचा कसा? अँड्रॉइड ही मुळात कुणालाही फुकट उचलता येणारी प्रणाली आहे. ती उचलून बनवलेला 'अँड्रॉइडवर चालणारा बॉक्स' वेगळा आणि गूगलने तपासून प्रमाणित केलेला 'अँड्रॉइड टीव्ही' किंवा 'गूगल टीव्ही' वेगळा. दुकानात चालवून बघायची माझी खूण साधी आहे. नेटफ्लिक्स उघडा. मोबाइलवर दिसतो तसा पडदा आला आणि रिमोटने माउसचा बाण हलवावा लागला, तर डबा प्रमाणित नाही. प्ले प्रोटेक्ट (गूगलची ॲप तपासणारी सुरक्षा) बंद करायला सांगणारा, किंवा ॲपसाठी स्वतःचंच कुठलं तरी दुकान देणारा डबा असेल तर हातातला परत ठेवून या.

तुमच्या बजेटमध्ये मी काय घेईन? ॲपल टीव्ही ४के. वायफायवालं, ६४ जीबीचं मॉडेल. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतात ते १४,९०० रुपयांना आलं. १२८ जीबीचं २,००० रुपयांनी महाग होतं, त्यात लॅन केबलची जागा जास्तीची मिळते. तुमच्या हॉलमध्ये राउटर समोरच्याच भिंतीला आहे, त्यामुळे तिची गरज नाही.

ॲपल साधूसंत आहे म्हणून हे सांगत नाही. सिरी या त्यांच्या आवाजी मदतनिसाने लोकांचं बोलणं नकळत रेकॉर्ड केल्याच्या दाव्यात जानेवारी २०२५ मध्ये ॲपलने ९.५ कोटी डॉलरची तडजोड केली. ॲपल टीव्ही ॲप उघडलं की स्वतःच्या मालिका तोंडावर मारते तेही आहेच. फरक पैशाच्या वाटेत आहे. डबा महाग विकून त्यांचं पोट भरतं. स्वस्त स्टिकवाल्यांचा हिशेब बहुतेक डबा विकल्यानंतर सुरू होतो, तुम्ही काय बघता आणि कुठली जाहिरात दाखवता येते यावर. या दोन धंद्यांत मुख्य पडदासुद्धा वेगळा दिसतो: एकावर तुमची ॲप ओळीने मांडलेली, दुसऱ्यावर वरचा अर्धा भाग कुणीतरी विकत घेतलेला.

आणि टिकण्याचा मुद्दा. २०१५ चा ॲपल टीव्ही एचडी २०२५ मध्ये आलेलं टीव्हीओएस २६ हे सॉफ्टवेअरसुद्धा घेतो. याउलट गूगलने क्रोमकास्ट या टीव्हीला जोडायच्या यंत्रांची मालिका ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केली, आणि मार्च २०२५ मध्ये एका प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळे दुसऱ्या पिढीची क्रोमकास्टं जगभर एकाच दिवशी आडवी झाली. दुरुस्ती काही दिवसांनी आली, पण त्या आठवड्यात मला आलेले फोन मी विसरलेलो नाही. जुन्या सॉफ्टवेअरवर अडकलेला डबा नेटवर ठेवणं हाही गोपनीयतेचाच प्रश्न असतो.

जोडल्यावर एवढं करा. सेटिंग, जनरल, मग गोपनीयता आणि सुरक्षा. तिथे ॲपना 'ट्रॅक करू का' असं विचारायचीच परवानगी बंद करायची सोय आहे, ती बंद करा. मग प्रत्येक ॲपला न विचारता नकार जातो. ॲनालिटिक्स पाठवणं बंद. सिरी सुधारण्यासाठी आवाज देणं बंद. ॲप उतरवायला ॲपलचं खातं लागतंच, ते टाळता येत नाही.

घरात कुणाकडेच आयफोन नसला तर चालतं का, हेही विचारतात. चालतं. सुरुवातीचं खातं टाकताना एकेक अक्षर रिमोटने टिपताना जीव जातो, इतकंच.

पंधरा हजार जड वाटत असतील, आणि एका डब्यासाठी ते जड आहेतच, तर नावाजलेल्या कंपनीचा प्रमाणित गूगल टीव्ही डबा किंवा स्टिक. चार-सहा हजारांत काम होतं. पण हा डबा आल्या आल्या तयार नसतो, घडवावा लागतो. तुमचं रोजचं जीमेल त्यात टाकू नका. टीव्हीपुरतं नवीन गूगल खातं उघडा, त्याला कार्ड जोडू नका, नकाशे नाहीत, फोटो नाहीत. मग सेटिंगमध्ये खात्यावर जाऊन 'ॲप्स ओन्ली मोड' चालू करा. याने मुख्य पडद्यावरच्या आवडीनिवडीनुसारच्या शिफारशी जातात आणि नुसती ॲप उरतात. वरची मोठी जाहिरात पूर्ण जात नाही, तेवढी सोसायची. गोपनीयतेच्या पानावर जाहिरात-ओळख (जाहिरातवाले ज्या क्रमांकाने तुमचा डबा ओळखतात तो) पुसा, जुन्या डब्यात पुसता येत नसेल तर जाहिरातींचं वैयक्तिकीकरण बंद करा. 'वापर आणि निदान' बंद.

ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक मी तिसऱ्या नंबरला ठेवतो. यंत्र वाईट म्हणून नाही, रिमोट तर तिघांत सासूबाईंना सगळ्यांत सोपा. पण तुम्ही कुठला मिक्सर घेतला हे ज्या दुकानाला माहीत आहे, त्यालाच तुम्ही रात्री काय बघता हेही सांगायचं, हे मला पटत नाही. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २०१९ मध्ये रोकू (तसाच एक अमेरिकी डबा) आणि फायर टीव्हीवरची दोन हजारांवर चॅनल तपासली, त्यात फायर टीव्हीच्या ८९ टक्के आणि रोकूच्या ६९ टक्के चॅनलांत ट्रॅकर, म्हणजे तुमचा माग काढणारी सॉफ्टवेअर, सापडले. जाहिरात-ट्रॅकिंग मर्यादित करायचं बटण दाबूनही फार फरक पडला नाही. घरात स्टिक आधीच असेल तर फेकू नका. प्रेफरन्सेसमध्ये गोपनीयतेच्या पानावर तीन गोष्टी आहेत: यंत्र-वापराची माहिती, ॲप-वापराची माहिती आणि आवडीनुसार जाहिराती. तिन्ही बंद.

नेटवाले प्लॅनबरोबर फुकट देतात तो डबा? तो त्यांच्या मालकीचा, सॉफ्टवेअर त्यांचं, आणि नेटही त्यांचंच. वापरायचाच तर टीव्ही बघून झाल्यावर बटण बंद.

आता एक कडू गोष्ट. प्रिन्स्टनवाल्यांना सापडलेले ट्रॅकर चॅनलांच्या आत होते, म्हणजे आपल्या भाषेत ॲपमध्ये. तिथे डब्याची मात्रा फार चालत नाही. आणि आपल्याकडे बहुतेक ओटीटी ॲपमध्ये शिरायलाच मोबाइल नंबर लागतो. ज्या नंबरावर तुमचं यूपीआय चालतं, ज्यावर सोसायटीच्या गेटवरचा पाहुणा नोंदला जातो, तोच नंबर मालिकेच्या ॲपलाही दिलेला. डबा कितीही सज्जन असला तरी तुम्ही कुठला भाग कुठे थांबवला हे त्या ॲपला कळणारच. डबा बदलून घरात शिरणाऱ्यांची संख्या कमी होते, शून्य होत नाही. मी गिऱ्हाइकांना सांगतो की घरात एक जास्तीचं सिमकार्ड पडलेलं असतंच, ओटीटीची सगळी खाती त्या नंबरावर हलवा. करणारे थोडे.

मुलीचा विषय वेगळा काढतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या नवव्या कलमात १८ वर्षांखालच्यांचा मागोवा घेण्याला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्याला मनाई आहे, पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मात्र कंपन्यांवरची मुख्य बंधनं १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. तोवर तिचं यूट्यूब तुमच्या खात्यावर चालवू नका. तिला यूट्यूब किड्स द्या आणि खात्यात बघण्याचा इतिहास थांबवून ठेवा. याने तुमच्या पडद्यावर स्लाइमचे व्हिडिओ यायचेही थांबतील, हा वरचा फायदा.

राउटरवरही थोडं करता येतं. डीएनएस म्हणजे नेटची टेलिफोन डिरेक्टरी, तुमचा डबा प्रत्येक सर्व्हरचा पत्ता आधी तिथे विचारतो. विचारणा आपल्या हातात ठेवली की जाहिरात-सर्व्हरांचे पत्ते द्यायचेच नाहीत असं ठरवता येतं. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर पाय-होल हे जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर टाकून मी आठ-दहा घरी हे केलंय. अँड्रॉइड टीव्हीत 'प्रायव्हेट डीएनएस'ची सोय असते, ती काही कंपन्या मेनूतून लपवतात. आणि काही यंत्रं राउटरला डावलून सरळ गूगलच्या ८.८.८.८ ला विचारतात. मग राउटरच्या फायरवॉलवर ती वाट बंद करावी लागते, आणि नेटवाल्याने दिलेल्या राउटरमध्ये ते बहुधा जमत नाही.

उत्साहाच्या भरात मी यात एकदा तोंडघशी पडलोय. हिरानंदानी इस्टेटमधल्या एका घरी अडवायच्या पत्त्यांची सगळ्यांत कडक यादी लावून दिली. दोन आठवडे कौतुक. मग भारत-पाक सामन्याच्या संध्याकाळी, नाणेफेक व्हायच्या पाच मिनिटं आधी फोन. ॲप उघडतंय, मॅच लागत नाही, घरात बारा माणसं, वडापाव आलेले. ॲपने व्हिडिओ सुरू करण्याआधी जाहिरात-सर्व्हरला हाक मारली, हाकेला ओ मिळाली नाही, म्हणून ते रुसून बसलं. मी स्कूटरवर माजिवड्याच्या सिग्नलला उभा होतो, तिथूनच फोनवर 'राउटर जुन्या सेटिंगवर टाका' असं सांगितलं. पहिली तीन षटकं गेली त्यांची. तेव्हापासून सौम्य यादी लावतो आणि ती बंद कशी करायची ते घरातल्या एकाला तरी शिकवून येतो. तुम्हाला या फंदात पडायची हौस नसेल तर नका पडू, टीव्ही वायफायवरून काढण्याने यापेक्षा जास्त साधतं. फार तर डबा राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर ठेवा, म्हणजे घरातल्या लॅपटॉपांशी त्याचा संबंध येत नाही. मग मोबाइलवरून टीव्हीवर कास्ट करता येणार नाही, हे आधी घरात सांगून ठेवा, नाहीतर दोष डब्याला.

जुना लॅपटॉप एचडीएमआयने जोडून फायरफॉक्समध्ये जाहिरात-रोधक घालून यूट्यूब बघणं, हा माझ्या मते सगळ्यांत स्वच्छ मार्ग. माझ्या स्वतःच्या घरी तेच आहे. पण सोफ्यावर कीबोर्ड घेऊन बसायची बायकोची तयारी दोन महिनेच टिकली, आणि काही ओटीटी सेवा ब्राउझरला ४के देतच नाहीत. रास्पबेरी पायवर कोडी किंवा जेलीफिन हे व्हिडिओ चालवणारं सॉफ्टवेअर टाकून स्वतःचे व्हिडिओ बघायला मजा येते, नेटफ्लिक्ससाठी तो नाही. आणि घरचे व्हिडिओ पेनड्राइव्हने थेट स्मार्ट टीव्हीत लावत असाल तर हे ऐका: २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या एका ब्लॉगरला आढळलं की त्याचा एलजीचा टीव्ही जोडलेल्या यूएसबीवरच्या फाइलींची नावंसुद्धा बाहेर पाठवतोय. कंपनीने नंतर अपडेट देऊन ते थांबवलं. पण 'पिंकीचं बारसं' अशी फाइल कुठल्या परक्या देशातल्या सर्व्हरवर पोचावी, याची गंमत वाटते आणि रागही येतो.

घ्यायला निघण्याआधी टीव्हीच्या मागे हात घालून एचडीएमआयच्या जागा मोजा. २०१९ च्या ४३ इंचीत बहुधा दोन किंवा तीन असतात. एक सेट-टॉप बॉक्सला, एक डब्याला, साउंडबार असेल तर 'एआरसी' लिहिलेली त्याला. स्टिक घेतलीत तर तिला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका, ती पुरत नाही आणि स्टिक मध्येच बंद पडते. बरोबर आलेला ॲडाप्टरच लावा. ॲपल टीव्ही घेतलात तर पहिल्याच दिवशी रिमोटच्या सेटिंगमध्ये जाऊन क्लिकपॅड 'क्लिक ओन्ली'वर करा. नाहीतर सासूबाईंचं बोट नुसतं घसरलं तरी मालिका दहा मिनिटं पुढे पळेल, आणि संध्याकाळी सात वाजता तुमचा फोन मला येईल.